पाच जागा, सात पिचर: टेक्सस रेंजर्सचा २०२२-२३ चा हिवाळा

पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट २०२२ रोजी टेक्सस रेंजर्स या बेसबॉल संघाने मॅनेजर क्रिस वुडवर्ड यांना काढलं. दोनच दिवसांनी मालक रे डेव्हिस यांनी बेसबॉल विभागाचे प्रमुख जॉन डॅनियल्स यांनाही घरी पाठवलं. डॅनियल्स २००५ पासून संघाचा कारभार पाहत होते. हंगाम संपायला दीड महिना उरला होता, आणि सगळा भार आता जनरल मॅनेजर क्रिस यंग यांच्यावर आला. यंग स्वतः जुने पिचर (चेंडू फेकणारा, म्हणजे बेसबॉलमधला बोलर), उंची सहा फूट दहा इंच, प्रिन्स्टनचे पदवीधर, आणि मूळचे डॅलसचेच.

मालकाचा धीर सुटण्याचं कारण उघड होतं. आधीच्याच हिवाळ्यात कोरी सीगरला १० वर्षांसाठी ३२.५ कोटी डॉलर आणि मार्कस सिमियनला ७ वर्षांसाठी १७.५ कोटी डॉलर मोजले होते. दोन माणसांत ५० कोटी. तरीही संघ २०२१ च्या ६०-१०२ (६० विजय, १०२ पराभव) वरून २०२२ मध्ये ६८-९४ वरच पोचला. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या शेवटची अजिंक्यपदाची मालिका, तर संघाने कधीच जिंकली नव्हती. २०११ मध्ये सेंट लुईसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात दोनदा फक्त एका स्ट्राइकचं (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद) अंतर उरलं होतं आणि दोन्ही वेळा घास निसटला. डॅलसच्या प्लॅनो-फ्रिस्कोकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना विचारा, तिकडचे जुने प्रेक्षक अजून त्या रात्रीचा विषय काढत नाहीत.

क्रिकेटच्या वाचकासाठी दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. बोलर कधी बदलायचा हे क्रिकेटमध्ये कर्णधार मैदानातून ठरवतो. बेसबॉलमध्ये ते काम मॅनेजरचं, तेही डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसून, अंगावर खेळाडूंचाच गणवेश घालून. आणि एकदा बाहेर काढलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. सहा महिन्यांत १६२ सामने असतात आणि सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, साधारण पाचव्या दिवशी फेकतो. म्हणून प्रत्येक संघाला पाच स्टार्टर लागतात. त्यांच्यानंतर येणाऱ्यांची फळी म्हणजे बुलपेन.

अडचण नेमकी कुठे होती

२०२२ मध्ये रेंजर्सनी एका धावेने निकाली निघालेले ५० सामने खेळले आणि त्यांतले १५ जिंकले. या १५-३५ चा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक, नशीब वाईट होतं, पुढच्या वर्षी ते आपोआप सुधारेल. दोन, सातव्या इनिंगनंतर (सामना नऊ इनिंगचा असतो) कुणाला आणायचं आणि कुणाला ठेवायचं याचे निर्णय चुकत होते, आणि आणायला चांगली माणसंही नव्हती. आकडेवारीवाले पहिलं म्हणतात, डगआउटवाले दुसरं. माझ्या मते दोन्ही खरं होतं. पण मालकाला 'नशीब सुधारेल' असं सांगून नोकरी टिकत नाही.

पिचिंगची अवस्था याहून स्पष्ट होती. हंगामभर भरवशाने उभा राहिला तो मार्टिन पेरेझ एकटाच. त्याला जेमतेम ४० लाख डॉलरवर एका वर्षासाठी आणलं होतं आणि त्याने १९६ इनिंग टाकून २.८९ चा ईआरए दिला. (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर जमा झालेल्या धावा. चारच्या आत चांगला, तीनच्या आत फार चांगला.) जॉन ग्रे अधूनमधून जायबंदी असायचा. उरलेल्या जागा जो हाताशी असेल त्याने भरल्या जात.

म्हणजे त्या हिवाळ्यात यंग यांना दोन माणसं शोधायची होती असं म्हणता येईल: एक मॅनेजर आणि एक एक्का पिचर. प्रत्यक्षात त्यांनी गणित वेगळं मांडलं, आणि या प्रकरणातला रस तिथेच आहे.

मॅनेजर: समोरचे पर्याय

पहिला पर्याय घरातच होता. वुडवर्ड गेल्यावर टोनी बीझली यांनी हंगामी मॅनेजर म्हणून उरलेला हंगाम सांभाळला. खेळाडूंना ते आवडत. पण त्यांच्या हाताखाली संघ १७-३१ खेळला, आणि तेवढ्यावर मालकाला पटवणं कठीण होतं.

दुसरा पर्याय म्हणजे त्या वर्षीची चाल: पहिल्यांदाच मॅनेजर होणारा, आकडेवारीशी मैत्री असलेला कोच. कॅन्सस सिटीने मॅट क्वात्रारो, शिकागो व्हाइट सॉक्सने पेड्रो ग्रिफोल आणि मायामीने स्किप शूमाकर असेच नेमले. पण वुडवर्ड हेही याच साच्यातले होते. तोच प्रयोग लगेच दुसऱ्यांदा करायला यंग तयार नव्हते.

तिसरा पर्याय नॅशव्हिलमध्ये निवृत्त आयुष्य जगत होता. ब्रूस बोची, वय ६७. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सबरोबर २०१०, २०१२ आणि २०१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकलेले. त्यांतली २०१० ची तर रेंजर्सनाच हरवून. २०१९ नंतर ते डगआउटमध्ये बसले नव्हते. अपवाद फक्त सप्टेंबर २०२२ चा. बोचींचा जन्म फ्रान्सचा, म्हणून वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या पात्रता फेरीत, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला, ते फ्रान्सच्या संघाचे मॅनेजर होते. भूक अजून शिल्लक आहे याचा याहून चांगला पुरावा कुठला?

यंग २००६ मध्ये सॅन डिएगोला बोचींच्या हाताखाली खेळले होते, त्यामुळे ओळख जुनी. ते नॅशव्हिलला जाऊन भेटले. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी तीन वर्षांचा करार जाहीर झाला.

विरोधात बोलायलाही बरंच होतं. तीन वर्षांत खेळ बदलला होता, आणि २०२३ पासून तर पिच क्लॉक येणार होतं, म्हणजे पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचा. शिवाय बोचींची कारकिर्दीतली बेरीज २००३ विजय आणि २०२९ पराभव अशी होती. तीन विजेतेपदं मिळवलेला माणूस एकूण हिशेबात तोट्यात! पण ही बेरीज फसवी आहे. कमकुवत संघांबरोबरची वर्षं तिच्यात मिसळलेली आहेत. ऑक्टोबरातला, म्हणजे प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतला) बोची वेगळा काढून पाहिला तर निवड समजते.

दोन बारीक गोष्टी मला या नेमणुकीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. बीझली यांना घालवलं नाही, ते तिसऱ्या बेसचे कोच म्हणून राहिले. आणि पिचिंग कोच म्हणून माइक मॅडक्स यांना परत आणलं, जे २००९ ते २०१५ याच संघात होते. मॅनेजर आणि पिचिंग कोच हे दोघंही मोठ्या पिचरांना कराराची शाई वाळण्याआधी माहीत असावेत, हा क्रम यंग यांनी सांभाळला. आधी पिचर घेऊन मग मॅनेजर शोधला असता तर प्रत्येक पिचरच्या एजंटचा पहिला प्रश्न 'डगआउटमध्ये कोण?' हाच असता.

पिचर: एकामागून एक

सर्वांत आधी, ९ नोव्हेंबरला, अटलांटाकडून जेक ओडोरिझी खेळाडूंच्या अदलाबदलीत घेतला. बातमी मधल्या पानावरची. मग पेरेझला क्वालिफाइंग ऑफर, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला जुन्याच संघाने द्यायचा ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव, दिली: १ कोटी ९६.५ लाख डॉलर. आदल्या वर्षीच्या जवळजवळ पाचपट पगार, आणि त्याने ती स्वीकारली. त्या हिवाळ्यात १४ खेळाडूंना अशी ऑफर गेली, त्यांतल्या दोघांनीच हो म्हटलं. पेरेझचं २०२२ हे कारकिर्दीतलं सर्वोत्तम वर्ष होतं आणि त्याची पुनरावृत्ती होईल यावर फार कमी लोकांचा विश्वास होता. तरीही एका वर्षाचा करार दुखला तर एकच वर्ष दुखतो.

२ डिसेंबरला धमाका झाला. न्यू यॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम, पाच वर्षं, १८.५ कोटी डॉलर.

डीग्रॉम तंदुरुस्त असताना जगात त्याच्याइतका चांगला पिचर नव्हता. २०१८ आणि २०१९ चे साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचे, पुरस्कार त्याचे, २०२१ मधला ईआरए १.०८. पण २०२१ मध्ये तो फक्त १५ सामने फेकला आणि २०२२ मध्ये ११. आधी कोपराखालच्या हाताचं दुखणं, मग खांद्याच्या पात्याचं. वय ३४. बाजारात पर्याय होतेच: कार्लोस रोडॉन नंतर सहा वर्षांसाठी १६.२ कोटींवर यांकीजकडे गेला, जस्टिन वर्लँडर फक्त दोन वर्षांसाठी मेट्सकडे. वर्लँडरसारखा छोटा, महाग करार जास्त शहाणपणाचा ठरला असता असं आज म्हणणारे भेटतात. पण ते निकाल पाहून बोलणं झालं. वर्लँडर तेव्हा चाळिशीला टेकलेला होता.

माझा आक्षेप रकमेला नाही. डीग्रॉम टिकला नाही तर काय, या प्रश्नाचं उत्तर तयार नसताना हा करार केला असता तर तो बेजबाबदारपणा ठरला असता. पुढचे तीन आठवडे यंग यांनी त्या उत्तरावरच खर्च केले.

त्याच महिन्यात अँड्र्यू हीनी आला, दोन वर्षं, २.५ कोटी. आता स्टार्टर मोजा: डीग्रॉम, ग्रे, पेरेझ, हीनी, ओडोरिझी. पाच जागा, पाच माणसं. शिवाय घरचा डेन डनिंग सहावा. बहुतेक संघ इथे थांबले असते, कारण सहाव्याच्या पुढच्या माणसाला पगार द्यायचा आणि जागा नाही, हे मालकाला समजावणं सोपं नसतं. तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बॉस्टनचा नेथन इओवाल्डी दोन वर्षांसाठी ३.४ कोटींना करारबद्ध झाला.

या सातव्या माणसाची किंमत पैशात संपत नव्हती. डीग्रॉम आणि इओवाल्डी दोघांनीही आपापल्या संघांची क्वालिफाइंग ऑफर नाकारलेली होती, त्यामुळे त्यांना घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, जागा सोडाव्या लागत. रेंजर्सच्या २०२३ च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या निवडी गेल्या. पहिली निवड वाचली, कारण संघाची पहिल्या फेरीतली सर्वांत वरची निवड या नियमात जात नाही, आणि खराब हंगामामुळे ती चौथ्या क्रमांकाची होती. (तीतून वायट लँगफर्ड मिळाला. वाईट हंगामाचाही उपयोग होतो तो असा.)

आता या सातांकडे वैद्यकीय नजरेने पाहा. टॉमी जॉन शस्त्रक्रियेत कोपरातला फाटलेला लिगामेंट काढून शरीरातल्याच दुसऱ्या भागातला टेंडन बसवतात, आणि पिचरचं एक ते दीड वर्ष जातं. डीग्रॉम, पेरेझ, हीनी आणि डनिंग यांची ती आधी एकेकदा झालेली होती, इओवाल्डीची दोनदा. सातपैकी पाच कोपरं शिवलेली! तरुण, धडधाकट, निर्धोक पिचर बाजारात मिळत नाहीत. असले तर संघ त्यांना सोडत नाहीत. जे मिळतात ते असेच. रेंजर्सनी हे मान्य करून संख्या वाढवली. एखादा मोडणार हे धरूनच चालले. कोण मोडणार एवढंच कळायचं बाकी होतं.

हंगामात काय घडलं

उत्तर लवकर आलं. फेब्रुवारीत सराव शिबिराच्या सुरुवातीलाच डीग्रॉमची बरगडीजवळची बाजू आखडली. एप्रिलअखेरपर्यंत तो सहा सामने फेकला, तीस इनिंगांहून थोड्या जास्तीत ४५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, आणि २८ एप्रिलला यांकीजविरुद्ध कोपराखालचा हात दुखतो म्हणून मैदान सोडून गेला. जूनमध्ये दुसरी टॉमी जॉन. ओडोरिझीचा खांदा त्याआधीच गेला होता. त्याने रेंजर्ससाठी त्या वर्षी एकही चेंडू टाकला नाही.

डीग्रॉम बाहेर पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच यांकीजविरुद्ध, इओवाल्डीने पूर्ण नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. फक्त तीन हिट (फलंदाजाला बेस मिळवून देणारे फटके), शून्य धावा, २-० असा विजय. डिसेंबरातल्या त्या 'जास्तीच्या' कराराचं समर्थन इतक्या लवकर मिळेल असं कुणाला वाटलं नसेल. रिकाम्या जागेवर बुलपेनमधून डनिंग आला आणि हंगामअखेर त्याच्या खात्यावर १२ विजय आणि ३.७० ईआरए होता. पेरेझ मात्र घसरला, ४.४५ वर गेला आणि शेवटी बुलपेनमध्ये बसला. सातांपैकी दोन दवाखान्यात, एक बाकावर, तरी चार उभे.

बुलपेनची कथा वेगळी, आणि तिथे हिवाळ्यातली चूक दिसते. चार स्टार्टरवर मिळून २६ कोटींहून जास्त रक्कम बांधणाऱ्या संघाने बुलपेनसाठी मार्चमध्ये विल स्मिथला १५ लाखांत आणलं आणि जवळपास तिथेच थांबला. परिणाम: आघाडी राखून सामना संपवण्याच्या ६३ संधींपैकी फक्त ३० साधल्या. जूनअखेर घाईघाईने कॅन्सस सिटीकडून अरोल्डिस चॅपमनला आणावं लागलं आणि बदल्यात तरुण डावखुरा कोल रेगन्स द्यावा लागला. रेगन्स पुढच्याच वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गेला.

जुलैअखेर आणखी दोन बदल्या झाल्या. मेट्सकडून मॅक्स शर्झर, ज्याच्या पगाराचा मोठा भाग मेट्सनीच उचलला, पण मोबदल्यात लुइसआंखेल अकुन्या हा गुणी तरुण गेला. आणि सेंट लुईसकडून जॉर्डन मॉन्टगोमेरी. इओवाल्डी तेव्हा हात दुखावून बसला होता, त्यामुळे हे दोघे आले नसते तर सप्टेंबर निभावला नसता.

हंगाम ९०-७२ वर संपला. शेवटच्या दिवशी सिएटलकडून ०-१ असा पराभव झाला आणि गटाचं अजिंक्यपद ह्युस्टनकडे गेलं. दोघांचे विजय सारखेच, पण आपसातल्या सामन्यांत ह्युस्टन वरचढ. रेंजर्सना वाइल्ड कार्डच्या, म्हणजे गट न जिंकलेल्यांसाठीच्या, दारातून आत जावं लागलं. फलंदाजीचं श्रेयही इथेच देतो, नाही तर हा लेख पिचरांच्या बाजूने झुकेल: ८८१ धावा, अमेरिकन लीगमध्ये (संघांच्या दोन लीगांपैकी रेंजर्सची लीग, दुसरी नॅशनल) सर्वाधिक.

निकाल: ऑक्टोबर

टँपा बेला दोन सामन्यांत आणि बाल्टिमोरला तीन सामन्यांत संपवलं. मग ह्युस्टनविरुद्ध सात सामने, आणि सातही सामन्यांत यजमान संघ हरला.

या सातव्या सामन्यात बोचींच्या नेमणुकीची वसुली झाली. शर्झरला त्यांनी तिसऱ्या इनिंगमध्येच काढलं आणि फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर असलेल्या मॉन्टगोमेरीला आणलं. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात बोचींनीच मॅडिसन बमगार्नरला दोनच दिवसांच्या विश्रांतीवर मैदानात उतरवलं होतं आणि त्याच्याकडून पाच इनिंग काढून घेतल्या होत्या. साय यंग तीनदा जिंकलेल्या शर्झरला इतक्या लवकर बाहेर काढायला नवखा मॅनेजर दहा वेळा विचार करेल, आणि तो दहावा विचार होईपर्यंत सामना हातचा गेलेला असतो. रेंजर्स ११-४ ने जिंकले.

वर्ल्ड सिरीज ॲरिझोनाविरुद्ध. तिसऱ्या सामन्यात शर्झरची पाठ धरली, तीन इनिंगनंतर तो गेला. त्याच्या जागी एरवी स्टार्टर असलेल्या जॉन ग्रेने तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या. चौथ्या सामन्यात हीनीने पाच इनिंगमध्ये एकच धाव दिली. आणि १ नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या सामन्यात इओवाल्डीने पाच वॉक दिले (चेंडू भरकटल्यामुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस), बेसवर सतत माणसं ठेवली, आणि सहा इनिंगमध्ये धाव मात्र एकही दिली नाही. शेवटचे सात फलंदाज जॉश स्बोर्झने बाद केले. ५-० ने सामना, ४-१ ने मालिका. १९६१ मध्ये वॉशिंग्टनला सुरू झालेल्या आणि १९७२ पासून टेक्ससच्या आर्लिंग्टनमध्ये नांदणाऱ्या या संघाचं हे पहिलं विजेतेपद. प्लेऑफमधले परक्या मैदानांवरचे ११ पैकी ११ सामने जिंकलेले. इओवाल्डीचे त्या ऑक्टोबरातले विजय पाच, पराभव शून्य.

वेगळं काय करता आलं असतं

बुलपेन. यात मला शंका नाही. पेरेझसाठीच्या रकमेचा निम्मा भाग दोन अनुभवी रिलीव्हरवर, म्हणजे बुलपेनमधल्या पिचरांवर, घातला असता तर गटाचं अजिंक्यपदही मिळालं असतं आणि रेगन्सही राहिला असता. सातपैकी एक स्टार्टर कमी चालला असता का? २०२३ पुरतं पाहिलं तर हो, पेरेझशिवाय भागलं असतं. पण नोव्हेंबरात तो सातांतला सर्वांत भरवशाचा वाटत होता, हे विसरून चालणार नाही.

मॅनेजरबाबत मी इतका ठाम नाही. मायामीने नेमलेल्या नवख्या शूमाकर यांनी त्याच २०२३ मध्ये संघाला प्लेऑफमध्ये नेलं आणि नॅशनल लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले. म्हणजे दुसरा रस्ता बंद नव्हता. रेंजर्सच्या संघात मात्र सीगर, सिमियनसारखे तयार खेळाडू होते, त्यांना शिकवणारा नको होता, आठव्या इनिंगला हात न थरथरणारा हवा होता.

तिसरा मुद्दा पैशाच्या उगमाचा. हे करार झाल्यावर काहीच महिन्यांत, मार्च २०२३ मध्ये, संघाचे सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक टीव्ही वाहिनीची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. विजेतेपदानंतरच्या हिवाळ्यात रेंजर्सनी हात आखडता घेतला, आणि मॉन्टगोमेरी अखेर ॲरिझोनाकडेच गेला. लांब करार करताना खेळाडूच्या कोपराची जेवढी तपासणी होते तेवढी स्वतःच्या उत्पन्नाचीही व्हायला हवी होती.

पुढचं

२०२४ मध्ये तोच मॅनेजर, जवळपास तोच संघ, आणि ७८-८४. २०२५ मध्ये ८१-८१. त्या हंगामानंतर बोची आणि संघ वेगळे झाले आणि त्यांच्या जागी आले स्किप शूमाकर. इओवाल्डीला डिसेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी ७.५ कोटी देऊन ठेवून घेतलं. आणि डीग्रॉम? २०२५ मध्ये ३७ व्या वर्षी तो ३० सामने फेकला, २.९७ ईआरए, अमेरिकन लीगचा पुनरागमनाचा पुरस्कार. ज्या वर्षी तो हवा होता त्या वर्षी संघ त्याच्याशिवाय जिंकला, आणि ज्या वर्षी तो उभा राहिला त्या वर्षी संघ प्लेऑफलाही पोचला नाही. त्याचा करार २०२७ पर्यंत आहे.